समुद्रावरील ओलिसांची सुटका

खानदेशाला समुद्रकिनारा नाहीं. जळगांवच्या किंवा धुळ्याच्या मनुष्यानें पाण्याचा मोठा विस्तार पाहिलेला असतो तो तापीच्या पुराचा, फार झालें तर हतनूर धरणाचा. समुद्रावरील चांचे, त्यांनीं धरलेलीं जहाजें आणि ओलीस ठेवलेले खलाशी हा सारा प्रकार त्याला दूरदेशच्या कथेसारखा वाटावा, हें स्वाभाविक आहे. परंतु तापी मुलताईस उगम पावून, भुसावळ, जळगांव, धुळें, नंदुरबार या प्रदेशांतून वाट काढीत, सुमारें ७२४ किलोमीटरांचा प्रवास करून सुरतेजवळ समुद्रास मिळते. आणि तिच्या कांठानें खानदेशाचा व्यापारहि शेंकडों वर्षें समुद्राकडेच वाहत आलेला आहे.

सतराव्या शतकांत ताव्हेर्निये नांवाचा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून बऱ्हाणपुरास गेला, तो नवापूर, नंदुरबार, शिंदखेडें, थाळनेर, चोपडें या वाटेनें. बऱ्हाणपूरचें तलम कापड याच वाटेनें सुरतेस उतरत असे आणि तेथून तें गलबतांतून इराण, अरबस्तान, तुर्कस्तान या देशांस जात असे. आजहि हें नातें तुटलेलें नाहीं. जळगांवचीं केळीं २०२१ सालीं दुबईस रवाना झालीं, आणि धुळ्यावरून जाणाऱ्या मुंबई-आग्रा रस्त्यावर मालमोटारींची जी अखंड रांग दिसते, तिच्यांतील कित्येकींचें शेवटचें ठिकाण मुंबईचें बंदर हेंच असतें. समुद्र अशांत झाला म्हणजे त्याचा धक्का गांवच्या बाजारपेठेलाहि पोंचतो.

असा धक्का तीनशें वर्षांपूर्वीं एकदां फार जोराचा बसला. सन १६९५ च्या सप्टेंबरांत औरंगजेब बादशहाचें ‘गंज-इ-सवाई’ हें मोठें जहाज यात्रेकरू व संपत्ति घेऊन सुरतेकडे परत येत असतां हेन्री एव्हरी या इंग्रज चांच्यानें तें गांठलें व लुटलें. जहाजावरील स्त्रीपुरुषांचे अतोनात हाल झाले. बादशहापाशीं जमिनीवर अफाट फौज होती. परंतु खोल समुद्रांत पळून गेलेल्या चांच्याला गांठण्याचें साधन त्याच्यापाशीं नव्हतें. तेव्हां सुरतेच्या वखारींतील इंग्रज व्यापाऱ्यांना कैदेंत टाकून त्यानें आपला राग व्यक्त केला, आणि पुढें यूरोपीय कंपन्यांवर यात्रेच्या जहाजांस संरक्षण देण्याची जबाबदारी येऊन पडली. एव्हरी मात्र कोणाच्याहि हातीं लागला नाहीं. समुद्रावर सामर्थ्य किती आहे याहून तें वेळेवर पोंचतें कीं नाहीं, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा असतो, ही गोष्ट तेव्हांच सिद्ध झाली होती.

आतां प्रश्न असा कीं, एखादें जहाज चांच्यांच्या हातीं गेलें आणि त्यांवरील माणसें ओलीस झालीं, तर लष्करी बळानें त्यांची सुटका कशी करावयाची? प्रथम अडचण समजून घेतली पाहिजे. जमिनीवर दरोडेखोरांनीं एखाद्या वाड्यांत माणसें कोंडलीं, तर पोलीस वाड्याला वेढा घालतात. वाडा जागचा हलत नाहीं. जहाज हा चालता वाडा आहे. त्याच्या भिंती पोलादाच्या आहेत, आंत दाणापाणी व इंधन कित्येक दिवस पुरेल इतकें आहे, आणि त्याच्या माथ्यावरून चारी दिशांस कित्येक मैल दिसतें. म्हणून दिवसाउजेडीं कोणालाहि चोरपावलांनीं जवळ जातां येत नाहीं. वर चढून गेलें तरी आंत अरुंद जिने, बोळ आणि असंख्य खोल्या. ओलीस कोणत्या खोलींत आहेत, हें बाहेरच्याला ठाऊक नसतें. आणि ज्या जहाजावर तोफ डागावी, त्याच जहाजांत ज्यांना वांचवावयाचें तीं माणसें असतात.

एक गोष्ट मात्र सुटका करणाऱ्यास अनुकूल असते. चांच्याला हवी असते खंडणी. ओलीस हें त्याचें भांडवल आहे, आणि भांडवल कोणी सहसा स्वतःच्या हातानें नष्ट करीत नाहीं. यामुळें सुटका करणाऱ्याला थोडा वेळ मिळतो. या वेळाचा उपयोग कसा करावयाचा, यावरच पुढील सर्व उपाय अवलंबून आहेत.

पहिला उपाय म्हणजे पाठलाग करून नुसती नजर ठेवणें. युद्धनौका जवळपास दिसत राहिली कीं चांच्यांना ओलिसांशीं जपून वागावें लागतें, आणि त्यांना नवें जहाज धरतां येत नाहीं. परंतु जहाज चांच्यांच्या किनाऱ्यास लागलें म्हणजे हा उपाय दुबळा होतो. कारण तेथें त्यांना अन्न, पाणी व नवीं माणसें मिळतात. दुसरा उपाय वाटाघाटीचा व खंडणीचा. तो लष्करी नव्हे, आणि त्यांत पुढच्या दरोड्याचें बीज असतें; तरीहि सन २००८ ते २०१२ या काळांत सोमालियाच्या किनाऱ्यावर अडकलेलीं बहुतेक जहाजें याच मार्गानें सुटलीं, हें सत्य नाकारून चालत नाहीं. तिसरा उपाय जहाजावर चढाई करण्याचा. आणि या उपायाचेहि दोन भाग पडतात.

खलाशी चांच्यांच्या हातीं लागलेलेच नसतील, तर चढाई पुष्कळच सोपी होते. यासाठीं आजच्या जहाजांत एक मजबूत दाराची कोठडी तयार ठेवतात. तिला नाविक ‘सिटाडेल’, म्हणजे बालेकिल्ला, असें म्हणतात. चांचे चढूं लागले कीं सर्व खलाशांनीं यंत्रें बंद करावयाचीं, कोठडींत शिरावयाचें आणि आंतून कड्या घालावयाच्या. या युक्तीच्या अटी कडक आहेत. एकहि मनुष्य बाहेर राहतां कामा नये, कारण एकच ओलीस मिळाला तरी सर्व व्यूह कोसळतो; आंतून बाहेरच्या जगाशीं बोलण्याचें साधन असलें पाहिजे; आणि जहाज चालविणें चांच्यांना अशक्य झालें पाहिजे. मे २०१० मध्यें ‘मॉस्को युनिव्हर्सिटी’ या तेलवाहू जहाजावरील २३ खलाशांनीं असेंच केलें, आणि सर्व जण सुरक्षित आहेत हें कळतांच रशियन नौसैनिकांनीं निःशंकपणें चढाई केली. ५ जानेवारी २०२४ रोजीं सोमालियाच्या बाजूस ‘लीला नॉरफोक’ या जहाजावर हाच प्रकार घडला. त्यांवर २१ खलाशी होते व त्यांपैकीं १५ भारतीय होते. सर्वांनीं कोठडीचा आश्रय घेतला; भारतीय नौदलाचें विमान डोक्यावर घिरट्या घालूं लागलें; ‘चेन्नई’ ही विनाशिका येऊन पोंचली; आणि नौदलाचे सागरी कमांडो वर चढले, तेव्हां चांचे पळून गेलेले होते. एकहि गोळी खर्च न करतां मिळालेला हा जय खलाशांच्या पूर्वतयारीचा होता.

ओलीस चांच्यांच्या ताब्यांत असतील, तर मात्र चढाई हा जुगार होतो. एप्रिल २००९ मधील दोन घटना या दृष्टीनें शेजारीं शेजारीं ठेवण्यासारख्या आहेत. १० एप्रिल रोजीं फ्रेंच कमांडोंनीं ‘तानित’ या शिडाच्या नौकेवर चढाई केली. पांच ओलिसांपैकीं चौघे सुटले, त्यांत एक लहान मूल होतें. परंतु पांचवा, त्या मुलाचा पिता, गोळीबारांत सांपडून मरण पावला, आणि ती गोळी फ्रेंचांचीच होती असें पुढें चौकशींत निष्पन्न झालें. दोनच दिवसांनीं, १२ एप्रिल रोजीं, ‘मर्स्क अलाबामा’ या अमेरिकन जहाजाचा कप्तान एका झांकलेल्या जीवरक्षक नौकेंत तीन चांच्यांच्या ताब्यांत असतां, ती नौका दोरानें ओढून नेणाऱ्या युद्धनौकेवरून नेमबाजांनीं एकाच क्षणीं तिन्ही चांचे टिपले आणि कप्तान सुखरूप सुटला. तिन्ही चांचे एकाच वेळीं नजरेच्या टप्प्यांत आले नसते, तर काय झालें असतें, याचा विचारच केलेला बरा. आणि फेब्रुवारी २०११ मध्यें ‘क्वेस्ट’ या नौकेवर तेंच झालें. युद्धनौका जवळ होत्या, बोलणीं चालू होतीं, आणि तरीहि चांच्यांनीं चारहि अमेरिकन ओलिसांस ठार केलें.

धैर्य आणि बेत दोन्ही जुळून आलीं तर काय साधतें, याचें उदाहरण जानेवारी २०११ मध्यें दक्षिण कोरियाच्या कमांडोंनीं घालून दिलें. ‘साम्हो ज्वेलरी’ या जहाजाच्या कप्तानानें गुपचुप वेळ काढीत जहाजाचा वेग मंदावून ठेवला होता. पहिली चढाई फसली. तिसऱ्या दिवशीं पहांटे दुसरी झाली. आठ चांचे मारले गेले, पांच पकडले गेले आणि २१ हि खलाशी जिवंत सुटले. कप्तानाला मात्र अनेक गोळ्या लागल्या. तो मरणाच्या दारांतून परत आला.

भारतीय नौदलालाहि हा धडा स्वस्तांत मिळाला नाहीं. नोव्हेंबर २००८ मध्यें एडनच्या आखातांत ‘तबर’ या युद्धनौकेनें एका संशयित नौकेस थांबण्यास सांगितलें. नौकेवरील हत्यारबंद माणसांनीं धमकी देऊन गोळीबार केला, ‘तबर’नें प्रत्युत्तर दिलें, नौका पेटली व बुडाली. नंतर कळलें कीं ती चांच्यांनीं धरलेली एक थाई मासेमारी नौका होती आणि तिचे खलाशी तिच्यावरच होते. कित्येक दिवस समुद्रावर तरंगत राहिलेला एक खलाशी जिवंत सांपडला. बाकीच्यांपैकीं बहुतेकांचा पत्ताच लागला नाहीं. नौदलाची भूमिका अशी कीं गोळीबार आत्मरक्षणार्थ होता, आणि ती समजण्यासारखी आहे. पण चांच्यांच्या नौकेंत ओलीसहि असूं शकतात, हें या घटनेनें सर्व जगाच्या निदर्शनास आणिलें.

या साऱ्या अनुभवाचें सार ज्या मोहिमेंत उतरलें, ती मार्च २०२४ ची ‘रुएन’ जहाजाची सुटका. ‘रुएन’ हें बल्गेरियन मालकीचें व माल्टाचा ध्वज लावणारें मालवाहू जहाज. १४ डिसेंबर २०२३ रोजीं अरबी समुद्रांत सोमाली चांच्यांनीं तें धरलें; त्यांवर १८ खलाशी होते. भारतीय नौदलाची ‘कोची’ ही विनाशिका त्याच्याजवळ पोंचली, परंतु खलाशी चांच्यांच्या हातीं होते. म्हणून त्या वेळीं बळाचा प्रयोग करण्यांत आला नाहीं. जवळ ठाकलेल्या युद्धनौकेचा एक परिणाम मात्र झाला. एका जखमी खलाशास चांच्यांनीं सोडून दिलें, आणि १८ डिसेंबरास त्याला भारतीय युद्धनौकेवर घेऊन औषधोपचार करण्यांत आले. उरलेल्या १७ जणांना घेऊन जहाज सोमालियाच्या किनाऱ्याकडे गेलें आणि तीन महिने तेथेंच राहिलें.

मार्चच्या मध्यास चांच्यांनीं हेंच जहाज मातृनौका म्हणून बाहेर काढलें; म्हणजे त्याचा उपयोग तळासारखा करून दुसरीं जहाजें धरण्याचा त्यांचा मनसुबा होता. किनारा सोडून ते मोकळ्या समुद्रांत आले, आणि येथेंच त्यांची बाजू पडली. १५ मार्च रोजीं ‘कोलकाता’ या विनाशिकेनें त्यांना गांठलें. ही विनाशिका मुंबईच्या माझगांव गोदींत बांधलेली आहे. तिनें प्रथम एक लहान वैमानिकरहित विमान पाठवून जहाजावर हत्यारबंद चांचे असल्याची खात्री करून घेतली. चांच्यांनीं तें विमान पाडलें व विनाशिकेवरहि गोळ्या झाडल्या. याचें उत्तर जहाजावर सरसकट तोफांचा भडिमार करून देतां आलें असतें. पण मग ‘तबर’च्या प्रसंगाची पुनरावृत्ति होण्याचा धोका होता. ‘कोलकाता’नें मोजून मापून मारा केला तो जहाजाच्या सुकाणूच्या यंत्रणेवर आणि दिशादर्शक साधनांवर. माणसांना इजा न होतां जहाज लुळें झालें. चालता वाडा आतां जागचा हलेनासा झाला.

पुढचें काम वेढा आंवळण्याचें होतें. ‘सुभद्रा’ ही गस्ती नौका येऊन मिळाली. लांब पल्ल्याचीं टेहळणी विमानें वरून पाहत राहिलीं. आणि शरण येण्याविषयीं चांच्यांना वारंवार बजावण्यांत आलें. परंतु अशा चढाईसाठीं खास तयार केलेलीं माणसें हवीं होतीं, आणि हें ठिकाण भारताच्या किनाऱ्यापासून सुमारें २६०० किलोमीटर दूर होतें. तासाला ३५ किलोमीटरांच्या वेगानें जाणाऱ्या नौकेला तेवढ्यासाठीं तीन दिवस लागले असते. तेव्हां हवाई दलाचें सी-१७ हें प्रचंड मालवाहू विमान निघालें. सुमारें दहा तासांच्या त्या उड्डाणांत त्यानें दोन रबरी नौका आणि सागरी कमांडो हवाई छत्र्यांनीं अचूक समुद्रांत उतरविले. औरंगजेबाच्या वेळीं जें सामर्थ्य पोंचूं शकलें नव्हतें, तें या वेळीं आकाशमार्गानें पोंचलें.

चांच्यांपुढें आतां हिशोब सरळ होता. जहाज चालत नाहीं, किनारा दूर, पुढें मागें युद्धनौका, वर विमानें, आणि पाण्यांत कमांडो. ओलीस मारले तर वांचण्याची शेवटची आशाहि जाते. चाळीस तासांच्या या दबावानंतर १६ मार्च रोजीं ३५ हि चांच्यांनीं शस्त्रें टाकलीं. १७ हि ओलीस, म्हणजे म्यानमारचे नऊ, बल्गेरियाचे सात आणि अंगोलाचा एक, कोणासहि इजा न होतां सुटले. चढाईचें खरें शस्त्र बंदूक नव्हतें. चांच्याला शरणागति हाच सर्वांत स्वस्त मार्ग वाटावा अशी जी परिस्थिति निर्माण केली, तें होतें.

परंतु ओलीस सुटले म्हणजे प्रकरण संपलें असें होत नाहीं. पकडलेल्या चांच्यांचें पुढें काय, हा प्रश्न उरतो, आणि त्याचीहि झळ ओलिसांनाच लागूं शकते. सन २०११ च्या पहिल्या तीन महिन्यांत भारतीय नौदल व तटरक्षक दल यांनीं चार मोहिमांत सुमारें १२० चांचे पकडले आणि त्यांच्या तावडींतील अनेक मच्छीमार व खलाशी सोडविले. पकडलेले चांचे मुंबईच्या तुरुंगांत आले. त्याच वेळीं ‘अस्फाल्ट व्हेंचर’ या जहाजावरील १५ भारतीय खलाशी सोमालियांत अडकलेले होते. एप्रिल २०११ मध्यें खंडणी पोंचली, जहाज सुटलें. पण चांच्यांनीं सात भारतीय खलाशांना ठेवून घेतलें. आमचीं माणसें सोडा, मग हीं सोडूं, असा त्यांचा अडवणुकीचा दावा होता. ते सात जण ऑक्टोबर २०१४ मध्यें घरीं परतण्यास मोकळे झाले. एकंदर सुमारें चार वर्षें त्यांनीं बंदिवासांत काढलीं. एका ठिकाणच्या विजयाची किंमत दुसऱ्या ठिकाणीं अशी द्यावी लागली. म्हणून चांचे पकडावयाचेच नाहींत असें कोणी म्हणणार नाहीं. पण मोहिमेचा आराखडा आंखणाऱ्यानें दूर किनाऱ्यावर अडकलेल्या माणसांचीहि गणती केली पाहिजे, एवढें मात्र खरें.

कायद्याची बाजूहि बरींच वर्षें लंगडी होती. ऑक्टोबर १९९९ मध्यें ‘अलोंड्रा रेनबो’ हें जपानी मालकीचें जहाज अल्युमिनियमचे ठोकळे घेऊन इंडोनेशियाहून निघालें असतां चांच्यांनीं तें पळविलें व त्याच्या १७ खलाशांना एका तराफ्यावर सोडून दिलें. दैव बलवत्तर म्हणून ते एका मासेमारी नौकेस सांपडले. नांव बदललेल्या त्या जहाजाला नोव्हेंबरांत अरबी समुद्रांत प्रथम तटरक्षक दलाच्या ‘ताराबाई’ या नौकेनें आव्हान दिलें, आणि पाठलाग करून ‘प्रहार’ या युद्धनौकेनें तें धरलें. जहाज बुडवून पुरावा नष्ट करण्याचा चांच्यांचा प्रयत्न नौसैनिकांनीं हाणून पाडला. मराठ्यांच्या पराक्रमी राणीचें नांव धारण करणाऱ्या नौकेचा या कामांत हातभार लागला, हा योगायोग मराठी मनुष्यास सुखविणारा आहे. मुंबईच्या सत्र न्यायालयानें २००३ सालीं आरोपींस शिक्षा सुनावली. परंतु २००५ सालीं उच्च न्यायालयांत ते निर्दोष सुटले. भर समुद्रांत झालेल्या परक्या जहाजाच्या दरोड्याला लागू पडेल असा स्पष्ट भारतीय कायदाच तेव्हां नव्हता. ही उणीव २०२२ च्या सागरी चांचेगिरी विरोधी कायद्यानें भरून निघाली. तो २०२३ सालीं अंमलांत आला. त्यांत चांचेगिरीस जन्मठेपेची, आणि तीत मनुष्याचा बळी गेल्यास देहान्तापर्यंत शिक्षेची तरतूद आहे. म्हणूनच ‘रुएन’वरील ३५ चांच्यांना घेऊन ‘कोलकाता’ २३ मार्च २०२४ रोजीं मुंबईस आली, तेव्हां त्यांना पोलिसांच्या स्वाधीन करतांना कोणत्या कायद्यानें खटला भरावयाचा, हा जुना प्रश्न उरला नव्हता.

एकंदर विचार करतां असें दिसतें कीं, ओलिसांच्या सुटकेस एकच रामबाण उपाय नाहीं. खलाशी कोठडींत सुरक्षित असतील, तर त्वरित चढाई करावी. ते चांच्यांच्या हातीं असतील, तर जहाज खिळवून ठेवावें, वेढा आंवळावा आणि धीर धरावा. किनारा जवळ असेल, तर वाटाघाटीचा कडू घोटहि गिळावा लागतो. कोणत्याहि मार्गांत पहिलें मोजमाप बुडविलेल्या नौकांचें किंवा मारलेल्या चांच्यांचें नसतें. जिवंत परत आलेल्या माणसांचें असतें.

जहाजावर काम करणारा खलाशी बहुधा सामान्य घरांतला असतो. तो बंदिवासांत पडला म्हणजे त्याच्या घरचीं माणसें महिनोन् महिने टपालाची, दूरध्वनीची वाट पाहत बसतात. ‘रुएन’च्या १७ खलाशांत एकहि भारतीय नव्हता. तरीहि त्यांच्यासाठीं भारताचीं जहाजें, विमानें व माणसें २६०० किलोमीटर दूर गेलीं. समुद्राचा जुना धर्म हाच आहे कीं पाण्यांत सांपडलेल्या मनुष्यास जात व देश न पुसतां हात द्यावयाचा. तापीच्या पुरांत अडकलेल्या परगांवच्या वाटसरूकरितां नाव लोटणाऱ्या खानदेशी नावाड्यास हा धर्म नव्यानें शिकविण्याची गरज नाहीं.